बेलाचं नाक आणि पाहुण्यांची शिदोरी

मार्लेन इसाकोवसारखा काटेकोर माणूस किर्गिझ मुलखातल्या साऱ्या ओश शहरात दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट लोकांना मार्लेन स्वतःच सांगत असे. शेजारच्या तीन देशांचे पोलीस मिळून अमली पदार्थांची चोरटी वाहतूक रोखतात, त्या कार्यक्रमाचा तो समन्वयक होता. समन्वय म्हणजे काय, तर तिन्ही देशांचे अधिकारी एकमेकांशी धड बोलत नसत, पण मार्लेनशी तिघंही बोलत. पैसा युरोपातून यायचा, हुंगणारे कुत्रे युरोपातून यायचे, कुत्र्यांच्या खाण्याच्या गोणीसुद्धा तिकडूनच यायच्या. तो पैसा यापुढेही येत राहायचा की नाही, हे आज ठरणार होतं. देणाऱ्यांचं शिष्टमंडळ जेवायला आलं होतं.

"सात वर्षांत माझ्या हातून एक चिमूटभर मालसुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही," मार्लेननं सकाळीच कुत्र्यांचा उस्ताद साबीर याला सुनावलं. "आज त्यांना असं काही दाखवू, की बाई जागेवरच मुदतवाढ देतील!"

बाई म्हणजे शिष्टमंडळाच्या प्रमुख लिंडनरबाई. उंच, किडकिडीत आणि शाकाहारी. ओशमध्ये शाकाहारी पाहुणी म्हणजे यजमानाच्या अब्रूचाच प्रश्न, पण मार्लेन डगमगला नाही. त्याचा बेत ठरलेला होता. कचेरीच्या अंगणात मोठं जेवण करायचं आणि शेवटी चहाच्या वेळी आकतोश या कुत्र्याला आत आणायचं. खऱ्या हेरॉइनची एक छोटी पुडी आधीच लपवलेली असणार. आकतोश पाहुण्यांमधून फिरणार, पुडी हुंगून काढणार आणि तिच्यासमोर शहाण्यासारखा बसणार. माल सापडला की न भुंकता खाली बसायचं, एवढंच त्या कुत्र्यांना शिकवलेलं असतं.

साबीरचं म्हणणं होतं की पुडी खुर्चीखाली चिकटवावी. मार्लेनला ते फार मिळमिळीत वाटलं. खुर्चीखालचा माल कोणतंही कुत्रं शोधेल, समोर उकडलेलं मटण वाफाळत असताना शोधलं तर ते खरं नाक! म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली, वरून पांढरं फडकं गुंडाळलेली पुडी टेबलाच्या कोपऱ्यावरच्या लाकडी वाडग्यात गेली आणि तिच्यावर बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या फुगीर तुकड्यांचा, ढीग रचला गेला. कोणाला पत्ता लागू नये म्हणून ही गोष्ट फक्त दोघांनाच ठाऊक होती.

तिसरीला सांगायला हवं होतं. तिसरी म्हणजे मार्लेनची आई.

अनिपा अपा ही बाई कार्यक्रमाच्या नोकरीत नव्हती, पण कचेरीत जेवण आहे आणि ते हॉटेलातून मागवलंय हे कळल्यावर ती पहाटेच दोन सुना आणि एक कढई घेऊन येऊन थडकली होती. पाहुण्यांना हॉटेलचं घालायचं तर मुलगा जन्माला कशाला घातला, असं ती फाटकातूनच बोलत आत आली. तिला परत पाठवायची हिंमत तिन्ही देशांच्या पोलिसांत मिळून नव्हती.

जेवण उत्तम झालं. सरकारी वकील जपार बाइके (बाइके म्हणजे दादा, मोठ्या माणसाला तिकडे असंच म्हणतात) यांना मानाचं हाड मिळालं, लिंडनरबाईंना भोपळा मिळाला. आता चहा येणार, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. सीमेपलीकडच्या मंत्र्यांनी भेटीची वेळ अलीकडे ओढली होती. त्या तडक उठल्या. कुत्रा पुढच्या खेपेला नक्की बघू, असं म्हणाल्या. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवून जेवणाचे आशीर्वाद घेतले आणि मार्लेन हिरमुसला होऊन पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. पाहुण्यांना मानाच्या टोप्या घालून झाल्या, फोटो झाले, गाड्या सीमेच्या दिशेनं गेल्या.

तो परत आला तेव्हा साबीर त्या कोपऱ्यात वाडग्यावर वाकून उभा होता.

"बाइके," तो म्हणाला, "वाडगं रिकामं आहे."

मार्लेननं आत पाहिलं. बोरसोकाचा चुरासुद्धा उरला नव्हता. आणि मग त्याचं टेबलाकडे लक्ष गेलं. सगळं टेबलच रिकामं होतं! मटण नाही, पाव नाही, सुकामेवा नाही. जेवून उठलेल्या पाहुण्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, टेबलावर उरेल ते पिशव्यांत बांधून प्रत्येकाच्या हाती द्यायचं, याला केशिक म्हणतात. किर्गिझ घरात ते कोणाला सांगावं लागत नाही. मार्लेन जन्मापासून केशिक खात आला होता. एवढा काटेकोर बेत आखताना नेमकं तेवढंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आई, कोपऱ्यातल्या वाडग्यात एक पांढरं गाठोडं होतं. त्याचं काय केलंस?"

अनिपा अपा कढई घासत होती. आजूबाजूला वकील, पोलीसप्रमुख, नगरपालिकेची माणसं आपापल्या पिशव्या सांभाळत चहा पीत होती. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

"पाहुण्यांना बांधून दिलं सगळं. अन्न काय टेबलावर टाकून ठेवायचं?"

"पण कोणत्या पिशवीत?"

"सगळ्या पिशव्या सारख्याच. पाहुण्यांचे वाटे मोजत नसतात," असं म्हणून तिनं कढई उगाचच पुन्हा घासायला घेतली.

साबीरनं धावत जाऊन आकतोशला आणलं. कुत्रा अंगणात शिरला, नाक वर केलं, सरळ कोपऱ्यात गेला आणि रिकाम्या वाडग्यासमोर ऐटीत बसला. पुडी इथे होती हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्याला ओढलं, ढकललं, मटणाचं आमिष दाखवलं. बक्षिसाचा चेंडू मिळेपर्यंत तो तिथून हलायला तयार नव्हता, आणि चेंडूही बहुधा कुणाच्या तरी पिशवीत गेला होता.

मग मार्लेननं असं काही केलं, की ओशमध्ये त्यापूर्वी कोणी केलं नसेल. त्यानं दिलेल्या पिशव्या परत मागितल्या.

पोलीसप्रमुखांनी मुकाट्यानं दिली. नगरपालिकेच्या लोकांनी एकमेकांकडे पाहत दिली. जपार बाइके मात्र पिशवी छातीशी धरून उभे राहिले. मार्लेननं तिची गाठ सोडून आत हात घातला, तेव्हा त्यांचा चेहरा मुळ्यासारखा पांढरा पडला.

"एक हाड जास्त आलं असेल तर घे बाबा काढून," ते म्हणाले. "माझ्या म्हाताऱ्या आईसाठी नेत होतो. तिला सांगेन, वाटेत झडती झाली."

त्या पिशव्यांमध्ये पुडी नव्हती. मार्लेननं आयुष्यभराचे संबंध तोडून घेतले आणि हाताला लागलं ते मटण. याचा अर्थ एकच होता. पुडी शिष्टमंडळाकडे होती, शिष्टमंडळ सीमेकडे निघालं होतं, आणि पलीकडच्या बाजूला होती बेला!

बेला ही उझ्बेक फाटकावरची कुत्री. तिला युरोपातून आणण्यासाठी मार्लेननं वर्षभर पत्रं लिहिली होती, तिचं शिक्षण त्यानं स्वतः उभं राहून पुरं करून घेतलं होतं. गाडी सुसाट सोडताना त्याच्या मनात जो विचार आला त्यानं त्याची पाचावर धारण बसली. बेलानं पुडी शोधली, तर कार्यक्रमाला पैसे देणारी बाई हेरॉइनसकट तुरुंगात. आणि नाही शोधली, तर सात वर्षं आणि एवढे पैसे घालवून मिळवलं ते एक बिनकामाचं कुत्रं! कुत्रीनं काय करावं अशी प्रार्थना करायची, तेच त्याला कळेना.

त्यानं पलीकडच्या कर्नल बाहोदीरला फोन लावला. सगळं सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सीमेवरचे सगळे फोन ध्वनिमुद्रित होत होते. ती यंत्रं मार्लेननंच मिळवून दिली होती.

"बाहोदीर, तुमच्या बेलाला आज जरा विश्रांती द्या ना. ऊन फार आहे."



"मार्लेन अका," बाहोदीर नेहमीच्या आदरानं, पण सावकाश म्हणाला, "तुमच्या वर्गातला पहिला धडा कोणता होता आठवतं? कुत्रं बांधून ठेवा असं जो सांगेल, त्याच्याकडेच आधी बघा. मी तो भिंतीवर लावून ठेवलाय."

"अरे, पण मी सांगतोय!"

"सांगणारा कोणीही असो, धडा तोच," बाहोदीर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मार्लेन सीमेवर पोचला तेव्हा शिष्टमंडळाच्या गाड्या अलीकडचं फाटक ओलांडून पलीकडच्या आवारात उभ्या होत्या. इथल्या शिपायांना त्याची गाडी इतकी ओळखीची होती, की त्यांनी सलाम ठोकून तिला तशीच आत सोडली. तो सरळ लिंडनरबाईंच्या गाडीमागे जाऊन थांबला आणि धावतच खाली उतरला. त्याला पाहून बाईंना आनंद झाला. निरोपाला सीमेपर्यंत येणारा यजमान त्यांनी कुठे पाहिला नव्हता.

"बाई, ती पिशवी," त्यानं हात पुढे केला, "मी तुमच्यासाठी बदलून आणतो. त्यात मटण आहे."

"राहू द्या, आईंनी प्रेमानं दिलीय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी घट्ट धरली.

तेवढ्यात बाहोदीर बेलाला घेऊन आला. मार्लेनकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं नम्रपणे पाहुण्यांना सामान खाली ठेवायला सांगितलं, आणि आपल्याच पैशानं शिकवलेली कुत्री कामाला लागलेली बघायला मिळणार म्हणून बाईंनी सगळ्यात आधी पिशवी जमिनीवर ठेवली. बेलानं दुभाष्याची पिशवी हुंगली. सहायकाची हुंगली. मग लिंडनरबाईंच्या पिशवीशी येऊन थांबली. बेलानं आत नाक खुपसलं, बराच वेळ ठेवलं, शेपटी हलवली, आणि पुढे निघून गेली.

मार्लेनला वाटलं होतं, आपल्याला हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. हेरॉइन नाकाखाली असताना कुत्री मटणाला शेपटी हलवून गेली होती! बाई सुटल्या, पण सात वर्षं पाण्यात गेली होती. कोणकोणाच्या दारात तो उभा राहिला होता, किती अधिकाऱ्यांशी गोड बोलला होता, आणि कशासाठी, तर ह्यासाठी. त्याला त्या क्षणी खरोखर तुरुंग चालला असता, पण हे बघवत नव्हतं.

बेला मात्र थांबली नव्हती. ती पाहुण्यांच्या गाड्या मागे टाकून मार्लेनच्या गाडीपाशी गेली. मागच्या दाराच्या फटीला नाक लावलं. एकदा आत श्वास ओढला आणि दारासमोर खाली बसली. ताठ, शांत, डोळे बाहोदीरकडे लावून.

आणि मार्लेन टाळ्या वाजवायला लागला!

त्याला त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही. कुत्री हुशार होती, कुत्री खरी होती, हेच एक त्याच्या डोक्यात होतं. आवारातले शिपाई, दुभाषा, लिंडनरबाई, सगळे स्तब्ध उभे होते आणि अमली पदार्थविरोधी कार्यक्रमाचा समन्वयक आपल्याच गाडीतला माल सापडल्याबद्दल एकटाच टाळ्या पिटत होता. गाडी कोणाची आहे हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा टाळी अर्ध्यावर राहिली.

बाहोदीरनं मागचं दार उघडलं. सीटवर मार्लेनचा कोट होता, कोटाखाली फुगलेली पिशवी होती, आणि पिशवीत बोरसोकांच्या मधोमध पांढरं गाठोडं होतं.

त्याच वेळी मार्लेनचा फोन वाजला. बाहोदीरनं तो त्याच्या हातातून घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकर लावला.

"मार्लेन," अनिपा अपा दबक्या आवाजात म्हणाली, "मघाशी वकीलसाहेबांसमोर बोलता येईना. त्या वाडग्यात तळाशी कोणीतरी छान वाळवलेल्या दह्याचं कुरुत फडक्यात बांधून लपवून ठेवलं होतं. म्हटलं, एवढं पांढरं, निवडक दिसतंय, ते परक्यांना कशाला? तुझ्या पिशवीत घालून गाडीत ठेवलंय. सगळ्यांदेखत सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारीनं चांगलं चांगलं पोराला काढून ठेवलं. एकटा असशील तेव्हा खा."

बाहोदीरनं तोंडावर हात धरला. मग शक्य तितक्या गंभीरपणे त्यानं लिंडनरबाईंना आईचं बोलणं शब्दन् शब्द समजावून सांगितलं, आणि मार्लेननं खाली मान घालून बोरसोकांखालच्या बेताची कबुली दिली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या वाकल्या आणि त्यांनी बेलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मी खूप देशांत प्रात्यक्षिकं पाहिली," त्या म्हणाल्या. "कार्यक्रमाच्या प्रमुखालाच पकडणारी कुत्री आज पहिल्यांदा पाहिली. इतका यशस्वी कार्यक्रम बंद करणं पाप होईल. मुदतवाढ मंजूर, पूर्ण पाच वर्षांची."

मार्लेननं मान वर केली.

"समन्वयक तेवढा नवीन नेमू," बाई म्हणाल्या.

बाहोदीरनं मार्लेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिला. बेला अजून बसलेली होती. फोन अजून चालू होता.

"मार्लेन, ती उंच बाई काय म्हणतेय रे?" अनिपा अपानं विचारलं. "तिला आवडलं का?"

मार्लेननं बाहोदीरच्या हातातून फोन घेतला.

"हो आई," तो म्हणाला. "कुत्री फार आवडली."