जिन्याखालची आडवी बाटली

केटलीच्या तळाशी बसलेल्या क्षाराच्या पांढऱ्या थरातून बुडबुडे उठत होते, पण फार आळसावून. व्हिनेगर घातलं की हा थर चुरचुरतो, बुडबुड्यांची झुंबड उडते. हे मात्र एकेकटे, वाट चुकल्यासारखे वर येत होते. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत उभी हयात काढलेल्या वन्संनी वाकून वास घेतला आणि त्या सावकाश ताठ झाल्या.

"वहिनी, ही वाइन आहे."

"काहीतरीच काय! फ्रिजमधल्या बिनलेबलाच्या बाटलीतलं ओतलंय. आपल्याकडे बिनलेबलाची बाटली म्हणजे व्हिनेगर. नियम तुमचाच, वन्सं."

नियम त्यांचाच होता. रिकाम्या बाटल्यांची लेबलं भिजवून काढायची आणि त्यांत व्हिनेगर भरायचं. पण आज डोकं भलतीकडे होतं आणि हात सवयीने चालला. पाहुण्यासाठी आणलेल्या भरल्या बाटलीचंही लेबल त्यांनी सोलून टाकलं होतं.

पाहुणे म्हणजे लिफ्टचे इन्स्पेक्टर. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या बंद पडलेल्या लिफ्टमध्ये त्यांनी वन्संना लग्नाचं विचारलं होतं. "विचार करून सांगते," वन्सं म्हणाल्या. लिफ्ट चालू झाली, उत्तर अडकून राहिलं. आता इन्स्पेक्टरांची दुसऱ्या शहरात बदली झाली होती आणि तिथे राहायला एकट्यापुरती एक खोली हवी की दोघांसाठी दोन, हे त्यांना उद्या कळवायचं होतं.

कोपऱ्यावरचं दुकान आज बंद. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

"आले! या माणसाला वेळेआधी वर यायची खोडच आहे," वहिनी पुटपुटल्या. "वन्सं, ह्यांनी सोडतीत जिंकलेली ती बाटली? जिन्याखाली गालिच्याच्या गुंडाळीला टेकण लावलीय ती?"

"ती पांढरी वाइन आहे. ती इतकी वर्षं टिकत नाही. एव्हाना व्हिनेगर झालं असेल तिचं."

"मग ती केटलीत घालू आणि केटलीतली साहेबांना देऊ!"

वहिनी पाहुण्यांना बाहेर बसवून बाटली घेऊन आल्या. बूच निम्मं मोडून हातात आलं, निम्मं आत पडलं. वन्संनी गाळणकागद लावला. थेंब थेंब गळत असताना इन्स्पेक्टर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"कसली तपासणी चाललीय?"

"संशयित नमुना आहे," वहिनी म्हणाल्या.

टेबलावर भाजलेला मासा आला, पेले भरले. रंग जुन्या पितळेचा, पण नितळ. इन्स्पेक्टरांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"थुंकायचं असेल तर बेसिन डावीकडे आहे," वहिनींनी सोय सांगितली.

"थांबा हो जरा." त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "हे आहे तरी काय?"

वन्संनी पेला ओठाला लावला. नाकाशी मध होता, जिभेवर मात्र गोडीचा मागमूस नाही. आधी लिंबाच्या सालीचा कडवटपणा, मग भाजलेल्या बदामाची ऊब, शेवटी ओल्या दगडासारखं किंचित खारट काहीतरी. आणि एवढं वय होऊनही आंबटपणा कसा ताठ कण्याने उभा! घोट गिळला तरी चव जायचं नाव घेईना. त्यावर माशाचा घास घेतला, तर मासाही अधिक शहाणा झाल्यासारखा लागला.

"मी चुकले," वन्सं म्हणाल्या. हे वाक्य त्या घरात नवीन होतं. वहिनींच्या हातातला काटा तसाच राहिला.

"इतकी वर्षं सांभाळलीत कशी?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"सांभाळली कुठे? आडवी पडून होती, म्हणून बूच ओलं राहिलं. अंधार होता, गारवा होता. आणि कुणी हात लावला नाही."

"म्हणजे आणखी ठेवली असती तर आणखी सुरेख झाली असती?"

वन्संनी पुन्हा वास घेतला. मध आताच मागे सरकू लागला होता. त्यांनी आणखी एकदा, नीट वास घेऊन खात्री केली.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणखी ठेवली असती तर गेली असती."

इन्स्पेक्टरांनी घसा खाकरला. "मला उद्या सकाळी त्या लोकांना कळवायचंय. खोल्यांचं."

"पण दादाही नाही, वहिनी इथे एकट्या..."

"माझ्यावर ढकलू नका हं, वन्सं! तुमच्या खोलीत माझं शिलाई मशीन कुठल्या खिडकीशी ठेवायचं, हे मी कधीच ठरवून बसलेय."

इन्स्पेक्टर मान खाली घालून माशाचे काटे काढत होते. काटे कधीच संपले होते. वन्संनी पेल्यातला शेवटचा घोट घेतला, तो पुरता गिळला आणि पेला खाली ठेवला.

"दोन खोल्या सांगा," त्या म्हणाल्या. "आपण लग्न करतोय."