खोल समुद्रातली चादर

“विचारून दाखव, ते यंत्र आत्ता नेमकं कुठं तरंगतंय!” बाबांच्या कंपनीच्या प्रदर्शनात शेजारी बसलेल्या मैत्रिणींनी कोपरानं ढोसलं आणि ती ताडकन उठलीच!

वक्तृत्व स्पर्धेत नुकताच पहिला नंबर आलेला. तेव्हापासून माईक दिसला की तिचे हात शिवशिवायचे. शिवाय इथं बाबांच्या नोकरीचा प्रश्न होता. बाबा हवामान मोजणारी, समुद्राचा तळ धुंडाळणारी यंत्रं विकायचे. म्हणजे विकायला न्यायचे आणि तशीच परत आणायचे. “आज ऑर्डर मिळाली नाही, तर उद्यापासून घरी बसा,” असं साहेबांनी बजावलं होतं. आपण एक झकास प्रश्न विचारू, गिऱ्हाईक खूश, बाबांचं काम फत्ते! तिचा हिशेब एकदम चोख होता.

व्यासपीठावर साहेब रंगात आले होते. “बघा, हा बाजार कसा वाढतोय!” पडद्यावरचा बाण वाढत वाढत पार पंख्याला टेकला होता. मागून लाटांचा आवाज येत होता. तो बाबांच्या मोबाईलमधून स्पीकरवर सोडलेला होता.

तिनं खणखणीत आवाजात विचारलं.

“शाब्बास, बेटा!” साहेब फुलले. “यंत्र आहे खोल समुद्रात! आणि पडद्यावरचे हे वाऱ्याचे, दमटपणाचे आकडे तिथूनच थेट येतायत!”

तेवढ्यात वाऱ्याचा आकडा धाडकन शून्यावर आला. दमटपणा शंभर टक्के! साहेबांनी कपाळ पुसलं. “ही... ही वादळापूर्वीची शांतता!”

गिऱ्हाइकं श्वास रोखून पुढं सरकली. एकानं तर सहीसाठी पेनही काढलं!

इतक्यात लाटा थांबल्या आणि मोबाईल वाजला. बाबांनी घाबरून फोन कापायच्या ऐवजी उचलला. सगळ्या दालनात आईचा आवाज घुमला, “अहो, तुमच्या त्या बाल्कनीतल्या भिरभिऱ्यात ओली चादर अडकलीये! कापू का कात्रीनं? आणि येताना साबण आणा!”

म्हणजे समुद्रातलं यंत्र ते हेच? महिनाभर बाल्कनीत गरगरणारं ते भिरभिरं! बाबा तर म्हणाले होते, चाचणी चाललीये!

“हा या माणसाचा परस्पर उद्योग आहे!” साहेबांनी बाबांकडे बोट दाखवलं. बाबा स्पीकरची वायर गुंडाळत राहिले.

गिऱ्हाइकं पोट धरधरून हसली. मग डोळे पुसत एकजण म्हणाला, “चालेल हो. आमच्या वरिष्ठांना आकडे लागतात, समुद्र कुणाला हवाय?” आणि सही ठोकली!

म्हणजे साहेबांना ऑर्डर मिळाली. बाबांना ‘घरी बसा’ मिळालं.

घरी बाबा यंत्रातून चादर सोडवत बसले होते. “साहेबच म्हणाले होते, होडीचा खर्च कशाला? वारा काय, इथून तिथून सारखाच.”

“मग तिथं बोलला का नाहीत?”

“साहेबांसमोर?” बाबा असे हसले की त्यापेक्षा रडले असते तर बरं झालं असतं.

“आणि तुला गं कुणी सांगितल्या होत्या चांभारचौकशा?” आई कडाडली.

ज्यांनी सांगितल्या होत्या त्या मैत्रिणी मघापासून मोबाईलवर हसरे चेहरे पाठवत होत्या. तिनं मोबाईल पालथा घातला आणि थेट खुर्चीवर चढली.

“आई, बाबा, माझं ठरलंय! मी समुद्राचंच शिक्षण घेणार. एवढा बाजार वाढतोय म्हणतात, तर त्यातल्या एखाद्यानं तरी खरोखर समुद्रात जायला नको का?”

आईनं धावत येऊन डगमगणारी खुर्ची धरली. तिचा आवाज जरा खाली आला.

“म्हणजे... आधी पोहायला शिकेन.”