कुंभेवाडीचा रंग

पाणी आधी संगणकात चढावं आणि मगच खेड्यात, यालाच नियोजन म्हणतात. पूर्वीची माणसं अडाणी. पाणी आलं की भिजायची. पुढं १९९४ साली जोयड्यात पाणी आराखडा कक्ष उघडला आणि हा गैरप्रकार बंद झाला. संगणकात पाऊस पाडायचा, पडद्यावर रंग बघायचे, आणि कोण बुडणार ते कोरड्या पायांनी ठरवायचं.

उमाजीला या प्रगतीकडून फारच क्षुल्लक गोष्ट हवी होती. नंदिगड्ड्याच्या पुढं, नाल्याकाठी कुंभेवाडीत त्याचं घर. खालचा बंधारा पुरा होत आलेला. यंदा छप्पर शाकारायचं, की बायकोला आणि गुरांना घेऊन वरच्या माळावर सरकायचं, एवढंच त्याला ठरवायचं होतं. त्यानं देवाला कौल लावला. फूल उजवीकडनं पडलं, म्हणजे सरक. पण देवाचा कारभारच मागासलेला. एक प्रश्न, एक फूल, संपलं. त्यातून माळ वनखात्याचा, आणि वनखातं फुलं मानत नाही (तोडली तर दंड करतं). घर पडद्यावर बुडालं, तरच माळावर जागा मिळणार होती.

पडद्यावर पहिल्यांदा साधा नकाशा होता. निळं म्हणजे पाणी. यात कुणाचाच मान राहत नव्हता. मग वनखात्यानं त्यात झाडी घातली, शेतीखात्यानं गाळ, आरोग्यखात्यानं डास. पाचवी बाब म्हणून प्रसिद्धीखात्यानं जनतेचं समाधान घातलं (ते कसं मोजलं हे विचारू नये, कमी कुठंच नव्हतं). प्रत्येकाला रंगांचे अर्थ सांगणारी आपली वेगळी रंगपट्टी हवी होती, आणि प्रत्येक पट्टीत लाल हवाच होता. पाण्यात लाल म्हणजे खोल, झाडीत लाल म्हणजे विरळ, समाधानात लाल म्हणजे परमानंद.

आता पाच पट्ट्या ठेवायच्या कुठं? वरच्या दोन कोपऱ्यांत बोधचिन्ह आणि उत्तरेचा बाण. खाली उजवीकडं मोठ्या साहेबांचं नाव. खालचा डावा कोपरा तेवढा मोकळा होता. तिथं नुसती कुंभेवाडी होती.

संगणक चालवायला रामनगरचा वासू. माणूस भला.

"वासूअण्णा, माझं घर बुडतंय का न्हाई, येवढंच सांगा."

"उमाजीमामा, तुमचं घर पट्ट्यांच्या खाली हाय. दिसत न्हाई."

"मग पट्ट्या जरा बाजूला सारा की."

"सारतो. पण पाची साहेबांनी एका दिवशी व्हय म्हणाय पायजे."

पाची साहेब एका ठिकाणी फक्त उळवीच्या जत्रेत सापडतात, आणि जत्रा होऊन गेली होती. उमाजी चिडला. का चिडू नये? तो तडक मोठ्या साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. साहेबांनी शांतपणे समजावलं की जिथं पाण्याचा रंग नाही तिथं पाणी नाही, आणि जिथं पाणी नाही तिथल्या माणसाला माळ कशाला? उमाजीला यात खोट काढता आली नाही. ती साहेबांच्या साहेबांनाही काढता आली नसती.

घरी बायको, पारू, वाट बघत होती. "काय रंग हाय आपल्या घराचा?"

"समदे हायत," उमाजी म्हणाला, आणि छपरासाठी गवत आणायला गेला.

पावसाळ्यात भर दुपारी पाणी उंबऱ्याला लागलं. दोघांनी गुरं सोडली आणि माळाची वाट धरली. तांबू गाय तेवढी पाण्यात राहिली. पारूच्या हाताखाली वाढलेली गाय. पारू माळावर बसून रडली, आणि वनखात्यानं दोघांवर अतिक्रमणाची केस घातली.

पुढं चौकशी झाली. नकाशा निर्दोष निघाला. पाण्यानं मात्र न दाखवलेल्या जागी प्रवेश केल्याबद्दल नापसंती नोंदवण्यात आली. तोच नकाशा आता रंगीत छापून कचेरीत लावलाय. कधी गेलात तर जरूर बघा. तुम्ही शिकलेली माणसं, आधी रंगपट्ट्याच वाचाल, पाचही वाचाल आणि मान डोलवाल. तेवढा वेळ तुम्ही उमाजीच्या घराकडंच बघत असाल.