चौगुले काकूंची लेसोथो

टीव्हीवर मॅच चालू असताना खेळाडू बदलायची वेळ आली, की चौगुले काकू उभ्या राहतात. हातातला चहा खाली ठेवतात, ओढणी कमरेला आवळतात आणि नवी खेळाडू मैदानात पोचेपर्यंत तशाच उभ्या. मग बसतात. मी एकदा विचारलं, "पाय दुखतात का काकू?"

"गप बस. मॅच बघ."

मॅच असते लेसोथोच्या मुलींच्या फुटबॉल टीमची. लेसोथो म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या पोटातला छोटासा डोंगराळ देश. या टीमची बहुधा जगातली एकमेव मराठी चाहती शारजात, अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. काकूंची या टीमशी ओळख फोनमुळे झाली. काकू मूळच्या कोल्हापूरच्या. एकदा त्यांनी फोनला सांगितलं, "लसूण चटणी दाखव." फोनने काय ऐकलं कोण जाणे, त्याने लेसोथोची मॅच लावली. काकूंचे हात ओले होते, बंद करता येईना. हात वाळले तरी त्यांनी बंद केली नाही. चटणी त्या दिवशी झालीच नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे असेल, नवं काही कळलं की दुसऱ्याला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी म्हटलं, "काकू, त्याचा खरा उच्चार लेसुटू आहे."

"असू दे. मी लेसोथोच म्हणणार. जा, तुझ्या कॉलेजात सांग."

खेळाडूंची नावं तर त्यांनी सरळ बदलूनच टाकली होती. गोलकीपर शालन. उंच डिफेंडर हिरा. उजवीकडून पळणारी बेबी. "बेबी, यल्ला, चल चल! अगं सोड की बॉल! सोड... खलास." गोलकीपर बदलली तरी नवीही शालनच. चौगुले काका सोफ्यावरून म्हणायचे, "एक गोल तरी होईल, इन्शाल्ला."

"तुमी मोबाइल बघा."

मला वाटलं, काकूंना खरी नावं वाचता येत नसतील. म्हणून कॉलेजच्या लायब्ररीत बसून मी सगळ्या टीमची नावं शोधली आणि देवनागरीत, मोठ्या अक्षरांत, नंबरासकट एक तक्ता केला. शनिवारी दुपारी मॅचच्या आधी तो टीव्हीशेजारी चिकटवला. काकूंनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली.

"छान काढलायस," म्हणाल्या आणि बसल्या.

मॅच सुरू झाली आणि काकू गप्प. एक यल्ला नाही की खलास नाही. उजवीकडची मुलगी बॉल घेऊन सुसाट निघाली. काकूंनी तक्त्याकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत नाव जुळवलं, तोवर बॉल गेला होता. काकांनी मोबाइलमधून मान वर केली. "आवाज बसला काय गं?"

हाफटाइमला काकूंनी हळूच विचारलं, "मग आता शालनला कुठं ठेवू?"

मला कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. शाळेत असताना पेठेतल्या बारा पोरींनी टीम केली होती. पहाटे मैदानावर जायचं, उजाडायच्या आत घरी. शेजारच्या पेठेतल्या पोरींशी मॅच ठरली आणि घराघरांत बातमी फुटली.

"सात जणींना सोडलंच नाही. शालनचं तर त्याच महिन्यात लग्न ठरलं. आता कोण कुठं आहे, कुणाला ठाऊक. इथं तरी एका टीममध्ये होत्या."

"आणि तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचात?"

"मी बदली. अकराच्या अकरा धडधाकट, माझा नंबर लागतोय कुठला? त्या दिवशी लागणार होता बघ. भावाची चड्डी घातली, सैल व्हायला लागली म्हणून वरनं ओढणी आवळली, तयार होऊन गेलो. पण पाच जणींत कसली मॅच?"

काकू अजून कोल्हापुरासारखं 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. ते मात्र मी कधी सुधारलेलं नाही.

मी उठून तक्ता काढायला लागले. काकूंनी हात धरला. "राहू दे की. त्या पोरींचीबी नावं आहेत." मग माझंच पेन घेऊन त्यांनी गोलकीपरच्या नावापुढे लिहिलं, शालन. खाली हिरा. खाली बेबी. अकरा ओळी भरल्या आणि पेन परत दिलं. खाली बदली खेळाडूंची नावं होती. त्यांच्यापुढे काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा "यल्ला बेबी" सुरू झालं. काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. थोड्या वेळाने मैदानाच्या कडेला पंचांनी नंबराची पाटी वर धरली. काकूंनी चहा खाली ठेवला. उभ्या राहिल्या. ओढणी आवळली.

मी तक्त्यातल्या बदली खेळाडूंच्या ओळींकडे पाहिलं, मग काकूंकडे. म्हटलं, "जा काकू."

टीव्हीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "थांब की. आधी ती बाहेर येऊ दे."