आखूड पंखांचं विमान

सुकरामजी सुतार माझ्या मोटारसायकलवर उलटे बसत. तोंड मागे, हातात काठी, काठीच्या टोकाला दोरीने बांधलेलं लाकडी विमान. मी शाळामास्तर, आणि गल्लीत मोटारसायकल एकट्या माझ्याकडे. म्हणून दर रविवारी लाखनीच्या हायवेवर आमची ही वरात निघे. ट्रकवाले भोंगे वाजवत आणि मी रामनाम घेत असे.

सगळं झालं एका फोटोमुळे. त्यांचा एकुलता एक दिनेश हवाई दलात लढाऊ जेट चालवायचा. नव्या विमानाशेजारी उभा राहून त्याने फोटो पाठवला. बापाने लगेच फोटोवर मोजपट्टी लावली.

"गुरुजी, हे पंख होय? हे तं पाटाच्या फळ्या! एवढ्याशानं हे धूड कसं उचलन?"

मग मला सरकारला अर्ज लिहायला लावला. "पंख हातभर वाढवून द्यावेत, सागवान माझ्याकडचं."

अर्ज मी काही टाकला नाही. तेवढ्यात दिनेशचंच पत्र आलं. बाबा, मोठ्या पंखांनी एवढा वेग घेता येत नाही; वेग असला की आखूड पंखही पेलतात. फक्त उतरतानासुद्धा जोरातच उतरावं लागतं.

हे शेवटचं वाक्य त्याने लिहायला नको होतं. सुकरामजींचं अन्न तुटलं. रेडिओवर बातम्या लागल्या की त्यांचा रंधा फळीवर तसाच थांबे.

म्हणून हे प्रयोग. त्यांनी दोन विमानं घडवली. लांब पंखांचं गाडी सुटताच वर उठे. आखूड पंखांचं दोरीला लोंबकळत राही. काटा साठच्या पुढे गेला की तरंगे.

"अजून जोरात, गुरुजी! हळू झालं का पडलं!"

मी ब्रेक लावला की ते खरंच धपकन पडे आणि मागून दिनेशला मारायचे तशी हाक येई, "अरे बाबू!" मला ट्रकपेक्षा त्या हाकेची जास्त भीती वाटे.

एका रविवारी त्यांनी टपालपेटीपुढे गाडी थांबवली आणि खिशातून कार्ड काढलं.

"लिहा. दिनेश, उतरताना हळू करू नको. कोनी काई म्हनो, हळू करू नको."

या हायवेवरच्या गावात प्रत्येक बाप पोराला गाडी हळू चालव म्हणतो. माझं पेन पुढे सरकेना. कसंबसं लिहिलं.

कार्ड पेटीत टाकून ते आले आणि पहिल्यांदाच सरळ बसले. माझा खांदा घट्ट धरला.

"आता हळू चालवा, गुरुजी," ते म्हणाले. "मले गाडीच्या जोराचं पयलेपासूनच भेव लागते."