डांबरासुर मार्गस्थ आहे

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत पाहुणा आला की बेल नंतर वाजते, आधी घोषणा होते. "कृपया लक्ष द्या! दुसऱ्या मजल्याचे जावईबापू वीस मिनिटं उशिराने दाखल होत आहेत. सोबत मिठाईचा एक बॉक्स आहे." मागच्या दिवाळीला जावईबापू रिकाम्या हातांनी आले, तेव्हा अख्ख्या इमारतीने ऐकलं, "आजची मिठाई रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

हे आमचे तळमजल्यावरचे वामनकाका घरत. उभी नोकरी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. गाडी आली, गाडी गेली, वहीत नोंद, माइकवर पुकारा. माइकवर शुद्ध पुस्तकी मराठी आणि माइक बंद झाला की गावची आगरी बोली. निवृत्तीनंतर माइक गेला, पण गॅलरी आली, आणि काकांना तेवढं पुरलं.

पण या माणसाचं खरं वेड वेगळंच आहे. त्याचं नाव डांबरासुर.

तुम्हाला डांबरासुर ठाऊक नाही? अरेरे! पूर्वी मुलांचं एक चित्रमासिक निघायचं. त्यात कप्तान कणाद नावाचा चकचकीत हनुवटीचा नायक होता आणि त्याच्या जिवावर उठलेला हा राक्षस. रस्त्याच्या कामावर कुणीतरी विसरलेल्या पिंपातून जन्मलेला, काळाकुट्ट, सर्वांगातून ठिबकणारा. "रुतशील!" अशी आरोळी ठोकायचा आणि समोरचा खरोखर घोट्यापर्यंत रुतायचा. सगळी पोरं कणादवर खूष. काका मात्र बायकोपोरं असलेले चांगले मिशाळ गृहस्थ असूनही डांबरासुराच्या बाजूने. स्टँडवरच्या स्टॉलवर अंक आला की पहिला काकांचा.

"रुतशील!" हे काकांचंही पालुपद झालं. दूधवाल्याला उशीर झाला, रुतशील. लिफ्ट अडकली, रुतशील. मी एकदा चहात साखर कमी टाकली, तर मलाही, "बाय, रुतशील हा!"

त्यांनी डांबरासुराच्या प्रत्येक हजेरीची नोंद ठेवली आहे. जाडजूड वही, स्टँडवरच्यासारखेच रकाने: आगमन, निर्गमन, विलंब, शेरा. मी ती वही पोट धरून वाचली आहे. पहिली हजेरी: "आगमन पान तीन. निर्गमन पान अकरा, हौदात बुडून." दुसरी: "आगमन त्याच हौदातून. कारण दिलेले नाही." पाचवीला त्याला तिसरा डोळा फुटतो, सहावीला नाही. शेरा: "डोळा गहाळ. चौकशी व्हावी." आठवीला तो चक्क हिरवा छापलेला. शेरा: "छापखान्यातली काळी शाई संपली असावी. गाडीचा रंग बदलला तरी गाडी तीच." बाराव्या हजेरीत चित्रकार बदलला आणि राक्षसाला शेपूट आलं. काका इतके भडकले की त्यांनी मासिकाला पत्र धाडलं: "वाटेत जादा डबा जोडण्यापूर्वी कळवावे."

गेल्या वर्षी सोसायटीसमोरचा रस्ता डांबरी झाला तेव्हा तर कहर. पिंप पेटलं, धूर निघाला आणि काका हात जोडून कडेला उभे. रोलरवाल्याला म्हणाले, "दादा, हलू हलू. पाठीवरून नको नेव."

रोलरवाला घाबरून खाली उतरला. "काका, कोण आहे खाली?"

"आजून कोन नाय," काका म्हणाले, "पन काय सांगता येत नाय."

अशा एकोणीस हजेऱ्या नोंदल्या आहेत. विसावी मात्र अर्धवट. आगमनाच्या रकान्यात अंकाचा महिना लिहिलाय, निर्गमन कोरं, आणि शेऱ्यात एकच शब्द: मार्गस्थ.

तो मासिकाचा शेवटचा अंक. मुखपृष्ठावरच लिहिलेलं, "डांबरासुराचा अंत?" त्या दिवशी काका माइकवर अडकले होते म्हणून त्यांच्या बायकोने, सुमनकाकींनी, अंक घेतला. त्या माहेरी निघाल्या होत्या. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून सीटवर बसून त्यांनी अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पाण्याची बाटली घ्यायला खाली उतरल्या, अंक सीटवर. तेवढ्यात काकांनी शिट्टी मारली आणि गाडी सोडली! बायको खाली, पिशवी वर, डांबरासुरही वर. पिशवी परत मिळाली, अंक नाही. स्टॉलवरच्या प्रती संपलेल्या आणि मासिकही बंद पडलेलं.

काका काकींवर ओरडले. काकी म्हणाल्या, "आवो, शिट्टी कोनी मारली? तुमी! आता मेला का जगला, मी नाय सांगनार जा."

आणि नाहीच सांगितलं. म्हणजे सांगितलं, पण दर रविवारी वेगळं. सकाळी चहा घेताना काका विचारायचे, "काय गो, मेला का त्यो?" काकी भाजी निवडता निवडता थापा ठोकायच्या. कधी डांबरासुराने अलिबागला पांढऱ्या कांद्याचा मळा केला. कधी उरणची मुलगी बघून लग्न केलं, पण बोहल्यावरून उठता येईना, चिकटला. कधी कणादच म्हातारा झाला आणि याने त्याला धरून रस्ता ओलांडून दिला. काका चिडायचे, "रुतशील!" काकी म्हणायच्या, "रुतले ना तुमच्या घरात, आनखी किती?" मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. रविवारचा माझा चहा त्यांच्याकडेच असायचा.

दोन वर्षांपूर्वी काकी गेल्या. घोषणा महिनाभर बंद होत्या. मग जावईबापूंच्या निमित्ताने सुरू झाल्या आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण रविवारचा चहा आता मुकाट्याने व्हायचा. वही समोर उघडी असायची, विसाव्या नोंदीवर.

मी ठरवलं, हा अंक शोधायचाच. पनवेलमधलं रद्दीचं एकेक दुकान पालथं घातलं. नाकात धूळ, हाताला सुतळीचे वळ. आणि गेल्या महिन्यात एका गठ्ठ्यातून तो निघाला! मुखपृष्ठावर तेच प्रश्नचिन्ह. मी दुकानातच उभी राहून शेवटचं पान वाचलं. (तुम्हाला सांगू? मुळीच नाही.) रिक्षात मी इतकी हसत होते की रिक्षावाल्याने आरशातून तीनदा पाहिलं.

रविवारी सकाळी मी काकांच्या गॅलरीसमोर उभं राहून आरोळी ठोकली, "कृपया लक्ष द्या! कित्येक वर्षं रखडलेली गाडी स्टँडवर दाखल झाली आहे!" आणि अंक काकांच्या हातात ठेवला.

काकांनी तो उलटासुलटा केला. वास घेतला. शेवटच्या पानाशी बोट नेलं आणि तिथेच थांबवलं. मग अंक मिटला, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि वहीखाली सरकवला.

"काका, वाचा ना! नोंद पूर्ण करा."

त्यांनी विसाव्या नोंदीवर बोट टेकवलं. "बाय, गाडी पोचली म्हनून लिवलं ना, का मंग पुन्ना कोन इचारत नाय तिचं." मग हळूच, "तू वाचलास?"

"वाचला."

"सांगू नको हा."

चहा निवत चालला. मी समोरच्या ताटलीतली मेथीची जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले. काकांनी कप बाजूला सरकवला. मग खाकरले, गॅलरीबाहेर बघत म्हणाले,

"काय गो, मेला का त्यो?"

मी मेथीची एक काडी मोडली. "छे हो काका. शिरढोणला पाणीपुरीची गाडी टाकलीय त्याने. पण कुणाला पुरी देता येत नाही, हाताला चिकटते."

काकांच्या मिशा हलल्या.

"रुतशील!" म्हणाले. आणि वही मिटली.