गायकवाड गुरुजींची रविवारची शिकवणी

दर रविवारी सकाळी आमचे शेजारी, गावातल्या शाळेत शिकवणारे गायकवाड गुरुजी, अंगणात उभे राहून आपल्याच विद्यार्थ्यांचा पाणउतारा करत. अंबडात नवा आलेला माणूस रस्त्यात थबकायचा. आम्ही त्याला सांगायचो, काही नाही, शिकवणी चाललीय.

सत्तर सालानंतर आमच्या भागातली बौद्ध पोरं राखीव जागांवर औरंगाबादला शिकायला निघाली होती. "जागा भेटली, बराबर. पण तिथं टोमणे मारतेत, त्याची तयारी कोन करून घेणार?" असं गुरुजींचं म्हणणं.

पद्धत ठरलेली. पोरानं चहा पीत बसायचं. गुरुजी कमरेवर हात ठेवून ओरडत, "काय रे, आयती जागा भेटली? मार्क किती तुला?" पोरानं शांतपणे मार्क सांगायचे आणि पुढचा घोट घ्यायचा. "आवाज खाली, मान वर," गुरुजी बजावत. चहा सांडला की पुन्हा पहिल्यापासून. घरातली साखर या शिक्षणात संपायची आणि वहिनी आतून भांडी आपटायच्या.

कधी मलाही बोलावत. "शेख मास्तर, आज तुमी बोला." एकदा मी म्हणालो, "बेटा, तू इथं कसा काय आलास?" गुरुजींनी कपाळाला हात लावला. "तुमी तर पाहुणचार करून राह्यले."

हसू यायचं खरं, पण या शिकवणीतलं एकही पोर कॉलेज अर्धवट सोडून परत आलं नाही. मला या माणसाचा फार अभिमान वाटायचा.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, सुजाताला, मेडिकलची राखीव जागा मिळाली. पोरगी हुशार, पण अबोल. ती तिथं टिकेल का, या काळजीनं गुरुजी निम्मे झाले होते. निघण्याआधीच्या रविवारी ती अंगणात चहा घेऊन बसली. गुरुजी समोर उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि पुन्हा खाली घेतले.

"बोला की, बाबा."

"बोलतो. थांब जरा."

मग तिनंच सुरुवात केली. टोमणे तिचे, उत्तरंही तिचीच. गुरुजींना कधी सुचले नसते असले टोमणे ती सावकाश, अजिबात न अडखळता म्हणत गेली.

"हे कुठं शिकली गं?"

"तुमच्याच शाळेत, बाबा. चौथीपासून ऐकत आले. सांगितलं असतं तर तुमी सगळ्यांशी भांडत बसले असते."

गुरुजी तिच्याशेजारी खाली बसले. तिचा हात हातात घेऊन एवढंच म्हणाले, "लई दुखलं असंल गं."